फॅटचा पॉइंट आणि पेंडीची बुरशी

(बिद्री येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेच्या आधी व नंतर दूध संस्थेचं दप्तर लिहायचे, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. मी डेअरीत नवा केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा संस्था तपासायला त्यांच्याकडे आलो होतो. त्यांच्या वहीत खाते नंबर, लिटर, डिग्री, फॅट, रक्कम हे रकाने होते, ते सगळीकडेच असतात. त्यांनी शेवटी पट्टीनं आणखी एक रकाना आखला होता आणि वर लिहिलं होतं, ‘शेरा’. एका खात्यापुढं होतं, ‘म्हैस दगडी, सडात ट्यूब’. दुसऱ्या खात्यापुढं, ‘पेंड बदलली’. मला हसू आलं. मी म्हटलं, गुरुजी, हे आमच्या फॉर्मात नाही. ते म्हणाले, ‘‘फॉर्मात न्हाई म्हणूनच हातानं आखलंय.’’

आज बोलायचं आहे ते त्या रकान्यावर. मालाची तपासणी किती करायची आणि कुठं करायची, हा विषय दिल्लीतल्या फायलींचा वाटतो. पण या पट्ट्यात तो रोज दोनदा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळीला, आपल्या दारात येतो. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या मधल्या गावांत ऊस आहे आणि म्हैस आहे. साखर कारखान्याचं नावच या दोन नद्यांवरून पडलंय, आणि १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाचं शीतकरण केंद्रही इथंच बिद्रीत आहे. तेव्हा उदाहरणं शोधायला मला लांब जायचं कारण नाही.

संस्थेच्या खिडकीपाशी उभं राहून बघा. किटली ओतली जाते, लिटर लागतात, नमुन्याची बाटली भरली जाते. हल्ली मशिन आहे, मिनिटभरात काचेवर आकडा येतो. आमच्या वेळी गर्बर होती. बुटीरोमीटरमध्ये दहा मिली गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, मग एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी हातात भाजायला लागायची, मग ती सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची. माझ्या त्या काळातल्या एकाही सदऱ्याची बाही धड नव्हती, आम्लाची भोकं पडलेली. निकलाउस गर्बर नावाच्या स्विस माणसानं ही रीत काढली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि काढली ती दुधाचा दाम ठरवायला. फॅटवर पैसे द्यायचे तर फॅट मोजता आली पाहिजे. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत पक्की आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी तपासणी जन्माला आली ती हिशेबाच्या पोटी. आरोग्याचा तिथं संबंध नव्हता.

त्यात गैर काही नाही. दहा दिवसांच्या बिलावर ज्या घराचं वाणसामान अवलंबून आहे, त्या घरातल्या बाईनं ‘‘काल सात लागलेली, आज साडेसहा कशी?’’ असं विचारलंच पाहिजे. एका पॉइंटसाठी खिडकीवर झालेली भांडणं मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत बाई बरोबर होती, मशिन चुकलेलं होतं. पण त्या खिडकीवर मी कितीतरी वर्षं उभा राहिलो, आणि ‘‘गेल्या तीन दिवसांत जनावराला औषध दिलंय का?’’ हा प्रश्न गुरुजींखेरीज कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

त्याची किंमत मी एकदा मोजली. कुठल्या डेअरीत ते सांगत नाही. दह्याचा घाणा लावला होता. दूध तापवून, निववून, विरजण घालून खोलीत ठेवलं. नेहमीच्या वेळेला बघितलं तर कप हलवला की दूध पाण्यासारखं डुचमळतंय. फॅट चोख, डिग्री चोख, आंबटपणा चोख, पाण्याचा थेंब नाही. कागदावर ते त्या आठवड्यातलं सगळ्यांत चांगलं दूध होतं, आणि दही काही लागेना. विरजण खराब म्हणून दुसरं आणलं, तेही मेलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की विरजण म्हणजे जिवाणूच, आणि जिवाणू मारणारं काहीतरी दुधातच आहे. टँकर, मग कूलर, मग संस्था असं मागं मागं जात आम्ही एका गोठ्यापर्यंत पोचलो. कासेला दगडी, म्हणजे कासदाह, झाली होती म्हणून चारही सडांत प्रतिजैविकाच्या ट्यूब सोडलेल्या, आणि दोन्ही वेळचं दूध संस्थेत. त्या माणसानं लबाडी केली नव्हती. ट्यूबच्या खोक्यावर इतके दिवस दूध वापरू नये असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, पण त्याला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आम्ही त्याच्या दुधात पाणी शोधत होतो आणि पाणी नव्हतं, म्हणून आम्ही त्याला शाबासकी देत होतो.

हा माझा एकट्याचा अनुभव असता तर मी तो घेऊन इथं उभा राहिलो नसतो. देशाचा हिशेब बघा. २०११ साली भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं दुधाची पाहणी केली. १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत. वर्तमानपत्रांत मथळा आला तो ‘६८ टक्के दूध भेसळीचं’ असा, आणि तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या ६८ मध्ये धुण्याची पावडर होती तसं नुसतं पाणी घातलेलं, फॅट कमी भरलेलं, भुकटी मिसळलेलं दूधही होतं. खिसा कापणारा आणि गळा कापणारा एकाच रांगेत उभे करून माणसं मोजली.

२०१८ मध्ये प्राधिकरणानं पुन्हा पाहणी केली. या वेळी ती शहाणपणानं केली, म्हणून मी तिचं कौतुक करतो. ६,४३२ नमुने घेतले आणि दोन प्रश्न वेगळे ठेवले. हे दूध कसदार आहे का, आणि हे दूध पिण्यास सुरक्षित आहे का. कसाच्या कसोटीवर सुमारे ४१ टक्के नमुने कुठं ना कुठं कमी पडले. सुरक्षिततेच्या कसोटीवर मात्र ९३ टक्के उतरले. आता पुढचे आकडे लिहून घ्यावेत असे आहेत. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी घातक भेसळ सापडली ती १२ नमुन्यांत. साडेसहा हजारांच्या आसपास नमुने, आणि त्यात १२. प्रतिजैविकांचं प्रमाण मर्यादेबाहेर आढळलं ते ७७ नमुन्यांत. आणि अॅफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर आढळलं ३६८ नमुन्यांत. म्हणजे ज्या भेसळवाल्याच्या नावानं आपण बोटं मोडतो, त्याच्या तीसपट जागी दोष पेंडीच्या पोत्यातून आलेला. शिवाय हे विष कच्च्या दुधापेक्षा पिशवीतल्या, प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळलं. शहरातला माणूस पिशवी घेतो तो सुरक्षित म्हणून.

हे विष येतं कुठून ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बसलेल्या बायांच्या हातात यातली निम्मी गोष्ट आहे. शेंगदाण्याची पेंड, सरकी, मका यांना ओल लागली की त्यावर एक हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती अॅफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. जनावरानं ते खाल्लं की त्याचा काही भाग, साधारण शेकड्याला एक ते तीन, कधी जास्तही, रूप बदलून दुधात उतरतो. खाल्ल्यावर दिवसभराच्या आतच उतरतो आणि ती पेंड बंद केली की काही दिवसांत जातो. दूध उकळून ते मरत नाही. पाश्चरायझेशनमध्ये आपण दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद नेतो. जंतू मरतात, हे विष तसंच राहतं. आपल्या देशात दुधाच्या एका किलोत याची मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि फॅटच्या मशिनला तर त्याचं नावही ठाऊक नाही.

जगाला ते ठाऊक झालं १९६० मध्ये. इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्ष्यांची पिल्लं पटापट मेली. रोगाला नाव मिळेना म्हणून ‘टर्की एक्स’ म्हणाले. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीत बुरशी सापडली. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत पावसानं भिजलेला, बुरशी आलेला मका माणसांनी खाल्ला, कारण दुसरं खायला नव्हतं. ३९७ जणांना कावीळ आणि यकृताचा आजार झाला, १०६ मेले. दुधातून येणारी मात्रा त्या मानानं फार लहान असते, तेव्हा घरी जाऊन दूध ओतून देऊ नका. पण ते विष रोज, वर्षानुवर्षं, आणि जास्त करून लहान मुलांच्या पोटात जातं. आपल्याकडे पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको. जून ते सप्टेंबर या भागातली पेंडीची पोती कुठं असतात? गोठ्याच्या भिंतीला टेकून, मातीवर. पिंजार अर्धं भिजलेलं. हल्ली मुरघास आला आहे, चांगली गोष्ट आहे, पण पिशवीला भोक पडून हवा शिरली की त्यालाही बुरशी धरते, आणि वरचा काळा थर काढून टाकायला हात धजत नाही, कारण पैसे मोजलेले असतात.

आता कायद्याकडे वळतो. थोडक्यात सांगतो, कारण वकिलांची व्याख्यानं तुम्ही दुसरीकडे ऐकताच. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात फॅट ठरल्यापेक्षा थोडी कमी भरली तरी ती भेसळच, आणि मामला फौजदारी न्यायालयात. म्हशीची वैरण बदलल्यावर फॅट उतरते, हे कायद्याला माहीत नव्हतं. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा २०११ पासून लागू झाला. त्यानं कमी प्रतीचं अन्न आणि असुरक्षित अन्न यांत रेघ ओढली. पहिल्याला दंड, दुसऱ्याला तुरुंग, आणि माणूस दगावला तर जन्मठेपेपर्यंत. दोन म्हशी बाळगून सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला नोंदणीचीही गरज नाही, असं नियमांत स्पष्ट लिहिलंय. मला ही सूट अगदी योग्य वाटते. घरोघर निरीक्षक पाठवून काय साधणार होतं? पण ती सूट देताना कायद्यानं भार संस्थेच्या खांद्यावर ठेवला, आणि संस्थेनं तो फॅटच्या मशिनवर ठेवून दिला. शिवाय शेतकरी, पीक, जनावरं आणि शेतीसाठी लागणारा माल हे या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणजे दूध कायद्यात, पेंड बाहेर. कारखान्यात बनणाऱ्या पशुखाद्यासाठी भारतीय मानक आहे, पण बाजारातून आणलेल्या सुट्या पेंडीचं पोतं कुणी उघडून बघत नाही.

धोका बघून तपासणी, हे तत्त्व सरकारनंही आता घेतलंय. दूध, मांस, मासे, अंडी, तयार जेवण, मिठाई हे जोखमीचे, त्यांच्याकडे लक्ष जास्त. कोरडे, टिकाऊ पदार्थ खाली. २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याचंच बघा. ऑक्टोबरमध्ये त्याला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं राहिलं नाही, आणि नोव्हेंबरअखेर तेच पाणी जास्त जोखमीच्या यादीत टाकलं. शिक्का काढून घेतला आणि दरवर्षीची तपासणी लावली. मला हा सौदा पसंत आहे. शिक्का एकदा मिळाला की भिंतीवर फ्रेममध्ये बसतो.

विचार मात्र जुनाच आहे. अमेरिकेत अंतराळवीरांचं जेवण बनवताना पिल्सबरी कंपनीच्या लोकांपुढं पेच आला. प्रत्येक पाकीट फोडून तपासलं तर खायला काही उरत नाही, आणि न तपासावं तर वर गेलेल्या माणसाला जुलाब झाल्यावर डॉक्टर कुठला? म्हणून त्यांनी तयार माल तपासण्याऐवजी माल बिघडू शकतो अशा मोजक्या जागा शोधल्या आणि पहारा तिथं बसवला. आपल्या गुळव्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो रस गाळला जातो तेव्हा गप्पा मारतो, मळी काढताना एक डोळा ठेवतो आणि काहील उतरवायच्या वेळी बायकोनं हाक मारली तरी मान वर करत नाही.

गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे. रस जवळजवळ ११८ अंशांपर्यंत आटतो, ओलावा फार थोडा राहतो, साखर एवढी की रोगजंतूला तिथं संसार मांडता येत नाही. म्हणजे गूळ हा मुळातच शहाणा पदार्थ. धोका असेल तर तो आपण घातलेल्या वस्तूचा. बाजाराला पिवळाधमक रवा पाहिजे, म्हणून हायड्रॉस नावाची गंधकयुक्त भुकटी पडते, आणि गंधकाचा अंश गुळात राहतो. मर्यादा दहा लाख भागांत ७० भागांची आहे. मग गुऱ्हाळावर जाणाऱ्या साहेबानं काय बघावं? गंधक बघावं, हायड्रॉसचा डबा बघावा, आणि वाफा धुतला का ते बघावं. एका गुऱ्हाळमालकानं मला त्याची फाइल दाखवली होती. त्यात मजुरांचे दाखले, फलकाचा फोटो, उंदीर पकडल्याची नोंदवही, न पकडल्याची नोंदवही, सगळं होतं. गंधकाचा अहवाल नव्हता, कारण तो कुणी मागितला नव्हता. तीन महिने चालणाऱ्या धंद्यावर बारा महिन्यांचे कागद लादले की माणूस एकतर गुऱ्हाळ बंद करतो नाहीतर कागद विकत घेतो. या जिल्ह्यात दोन्ही झालंय.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे तपासणी कमी करा असंच ना? तसं मी म्हणत नाही. काही ठिकाणी एका तसूनंही कमी करू नका. साखर कारखान्याचा बॉयलर घ्या. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. १९२३ चा देशभराचा कायदा आणि २०२५ चा नवा कायदा त्याच वंशातले. हंगामापूर्वी बॉयलर उघडून निरीक्षकाला दाखवावा लागतो. तिथं ‘आमचा बॉयलर वीस वर्षं चांगला चाललाय’ हे चालत नाही, कारण चुकलं तर दुरुस्तीला माणूसच उरत नाही.

आणि जे.जे. रुग्णालय विसरता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईत तिथं औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, १४ रुग्ण मेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. या विषानं माणूस मरतो हे जगाला १९३७ पासून, अमेरिकेतल्या शंभरावर मृत्यूंपासून माहीत होतं. तरी २०२२ मध्ये गांबियात मुलं मेली, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याची वीसहून अधिक मुलं खोकल्याच्या औषधानं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. परवाने होते, फायली होत्या. पिंपातला द्रव तपासायचा राहिला.

धोका बघून तपासणी करा म्हणणाऱ्यांची मला भीतीही वाटते, तीही बोलून टाकतो. धोका कमी की जास्त हे ठरवतं कोण? कागद चोख ठेवणारा मोठा कारखाना आपोआप ‘कमी जोखमीचा’ ठरतो आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी खवा विकणारी बाई ‘जास्त जोखमीची’. २०१८ च्या पाहणीत बुरशीचं विष पिशवीतल्या दुधात जास्त निघालं, हे अशा वेळी कुणी काढत नाही. म्हणून माझी एक अट आहे. कमी जोखमीच्या यादीतल्यांचीही अधूनमधून, न सांगता, चिठ्ठ्या टाकून तपासणी झाली पाहिजे. गुरुजी वर्गात गणित तपासताना असंच करायचे. हुशार पोराची वही दर महिन्याला एकदा मागवायचे आणि त्या पोराला तो दिवस कधी कळायचा नाही. दुसरी अट प्रयोगशाळेची. २०१५ मध्ये मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयानं उठवली, त्यात एक कारण होतं की नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांना त्या कामाची मान्यता नव्हती. नूडल्समध्ये शिसं होतं की नव्हतं हा वाद बाजूलाच राहिला. कोल्हापूरचा नमुना कुठं जातो आणि अहवाल किती दिवसांनी येतो, हे विचारायचा हक्क प्रत्येक संस्थेला आहे. दूध सकाळी पिऊन संपतं.

संस्थांनी काय करावं, असं मला खाली चहाच्या वेळी एका सचिवांनी विचारलं. खर्चाचं काही सांगू नका, असंही म्हणाले. प्रतिजैविकाची पट्टी रोज प्रत्येक किटलीला लावा असं मी म्हणणारही नाही, ते परवडत नाही आणि गरजही नाही. कूलरच्या एकत्र दुधाला रोज एक पट्टी लावा. तीत दोष दिसला तरच मागं किटलीपर्यंत जा. पावसाच्या चार महिन्यांत बुरशीच्या विषाचा नमुना संघाकडून तपासून घ्या, उन्हाळ्यात त्याचा जोर कमी करा. नवा सभासद, नुकतंच विकत आणलेलं जनावर, आजारी जनावर यांच्यावर नजर जास्त. ज्याच्या दुधात दहा वर्षं कधी खोट नाही, त्याच्या फॅटवरून रोज घासाघीस करू नका. आणि पेंडीचं पोतं फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. वास घ्या. कुबट आला तर परत करा, दुकानदार कुरकुरला तर त्याला संस्थेत बोलवा.

ज्यानं ट्यूब सोडली म्हणून खरं सांगितलं, त्याचं त्या तीन-चार दिवसांचं दूध संस्थेनं वेगळं घेऊन ओतून द्यावं आणि काही रक्कम त्याला द्यावी. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. माझ्या मते या सगळ्यात खर्चाचं कलम हे एकच आहे, आणि सभेत त्यावर भांडण होईल हेही मला दिसतंय. होऊ द्या.

गुरुजींची ती वही त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवली आहे. मघाशी मी ती हातात घेऊन बघितली. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ओळी कोऱ्या आहेत, पानाला दोन-तीन ठिकाणीच शाई आहे. इथं बसलेल्या सचिवांना माझी विनंती आहे. उद्या सकाळच्या पाळीला वहीत नाहीतर संगणकात तो रकाना आखा, आणि फॅटचा आकडा सांगायच्या आधी खिडकीतून एवढंच विचारा, ‘‘मावशी, जनावराला औषध दिलंय का? पेंड कुठली घातलीय?’’

वेळ बराच झाला. बसतो.